राघोजीच्या मागे धरण काढू नका

सातवीतल्या एका मुलाने इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांचं चित्र काढून आणलं होतं. डोक्याला फेटा, हातात तलवार, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी निळंशार पाणी. ते पाणी भंडारदऱ्याचं होतं. मुलाचं गावच धरणाच्या काठावर, त्यामुळे डोंगर म्हटला की त्याला पायथ्याला पाणी दिसणारच. पण राघोजींना फाशी झाली 2 मे 1848 रोजी, आणि भंडारदऱ्याच्या धरणाचं काम 1910 साली सुरू होऊन 1926 साली संपलं. मी त्याला चुकलं म्हणाले नाही. एवढंच विचारलं, "धरण कधी बांधलं रे? घरी कुणाला ठाऊक असेल?"

दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. त्याच्या पणजोबांची भाताची खाचरं त्या पाण्याखाली गेली होती आणि हे त्याला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. त्याने खोडरबर घेतला, पाणी पुसलं आणि तिथे एकाखाली एक अशी खाचरं काढली. आमची चित्रकथा खरी सुरू झाली ती तिथून.

मी अकोले तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात बहुतेक मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मी स्वतः आदिवासी नाही, खालच्या बागायती पट्ट्यातून इथे बदलीवर आले आणि रमले. दोन महिने दर शनिवारी बसून आम्ही राघोजींवर सोळा पानांची चित्रकथा केली. शहरातल्या मैत्रिणी तिला ग्राफिक नॉव्हेल म्हणतात, आमची मुलं चित्रांचं पुस्तक म्हणतात. तुम्हाला तुमच्या वर्गात, वाचनालयात किंवा घरी असं काही करायचं असेल तर आम्ही कसं केलं ते सांगते. चुकांसकट सांगते, कारण जे शिकलो ते चुकांतूनच शिकलो.

माणूस जवळचा घ्या

बिरसा मुंडा सगळ्यांना माहीत असतात. 15 नोव्हेंबरला त्यांची जयंती शाळेत होते, भाषणं होतात. त्यांच्यावर जरूर करा. पण पहिलंच पुस्तक असेल तर मुलांना ज्याच्या वाटेने चालत जाता येईल असा माणूस निवडा. उरण-पनवेलकडे असाल तर चिरनेरचा जंगल सत्याग्रह आहे. 25 सप्टेंबर 1930 ला तिथे गोळीबार झाला, आठ जण गेले, त्यांत नाग्या महादू कातकरी होता. चंद्रपूर-गडचिरोलीत बाबुराव शेडमाके आहेत. 1857 च्या धामधुमीत त्यांनी जंगोम दल ही स्वतःची फौज उभारली आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, तेव्हा ते जेमतेम पंचविशीचे होते. शिरपूरच्या वर सातपुड्यात खाज्या नाईक. आमच्या तालुक्यात देवगावचे राघोजी.

जवळचा माणूस घेतला की एक गोष्ट आपोआप होते. मुलं पुस्तकातून उतरवून घेण्याऐवजी घरी विचारू लागतात.

आधी ऐका, मग पेन्सिल धरा

पहिले तीन शनिवार आम्ही एकही चित्र काढलं नाही. मुलं कुरकुरली, पण मी ऐकलं नाही. प्रत्येकाने घरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारून यायचं ठरलं: राघोजीबद्दल तुम्ही काय ऐकलंय आणि कुणाकडून ऐकलंय? दुसरा अर्धा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. "आज्याकडून", "जत्रेतल्या शाहिराकडून", "अलीकडे मोबाइलवर" ही तिन्ही उत्तरं आली. तिन्ही वहीत लिहिली.

कागदाची बाजू मी पाहिली. जुनं अहमदनगर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर 1884 सालचं आहे, आता ते घरबसल्या वाचता येतं. त्यात राघोजींचं नाव 'राघू भांगरिया' असं पडलंय. त्याआधी 1837 साली कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांवर सविस्तर लिहून ठेवलं होतं. लक्षात ठेवा, हा माणूस त्यांचा बंदोबस्त करायलाच आलेला होता. शक्य असेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय मुलांना दाखवून आणा. भांडी, हत्यारं, दागिने डोळ्यांनी पाहिले की चित्रातला हात बदलतो.

एवढ्या वाचनातून कथेचा कणा मिळाला. पेशवाईत इथले कोळी नाईक गड आणि घाट राखायचे, त्याबद्दल वतन आणि पगार मिळायचा. 1818 साली राज्य कंपनीकडे गेलं. गडांवरची शिबंदी मोडली, कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदनच्या तुटक्या पायऱ्या आमच्या मुलांनी पाहिल्यात, त्यांचे काका-मामा तिथे दोर लावून ट्रेकवाल्यांना वर चढवतात. पण पायऱ्या तुटल्या कशाने, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पगार बंद झाले, सारा भरायला कर्ज, कर्जापायी जमिनी गेल्या. 1828 ते 1830 च्या सुमारास राघोजींचे वडील रामजी भांगरे आणि रामा किरवे उठले. पुढे 1844 पासून राघोजी.

म्हणून आमच्या गोष्टीच्या पहिल्या पानावर राघोजी नाहीतच. तिथे एक पायरी आहे. पूर्ण पानभर एकच कातळात खोदलेली पायरी, आणि दुसऱ्या पानावर त्याच जागी धूर. मुलांना ही सुरुवात पटायला वेळ लागला, त्यांना घोडा आणि तलवार हवी होती. मी मात्र इथे हट्ट धरला, आणि तुम्हीही धरा असं सांगेन. फास आणि तलवारीने सुरुवात केली की मुलांना शूर माणूस दिसतो, पण तो कशासाठी लढला ते दिसत नाही.

तीन रेघा

आता आमच्या कामातली सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट. ही कुठून शिकले नाही, एका भांडणातून सुचली.

दोन मुलांत वाद लागला. एक म्हणे राघोजींच्या घरच्यांना काळ्या पाण्यावर अंदमानला पाठवलं, मी वाचलंय. दुसरी म्हणे, खोटं. मी फळ्यावर दोन साल लिहिले. राघोजींची फाशी 1848. अंदमानची कैद्यांची वसाहत 1857 च्या उठावानंतर, 1858 मध्ये. वर्ग गप्प. मग मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग आपण जे काढतोय त्यातलं खरं कोणतं, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?"

त्या प्रश्नावर आम्ही पूर्ण शनिवार घालवला आणि असा नियम केला. कागदावर कुठेतरी नोंद आहे अशा प्रसंगाची चौकट सरळ पट्टीने आखायची. गावात सांगतात, आजीने सांगितलंय, त्याची चौकट नागमोडी. आणि आपण स्वतः कल्पनेने भरलेलं, त्याची चौकट तुटक रेघांची. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिन्ही रेघांचा अर्थ लिहायचा.

एक उदाहरण सांगते. राघोजी पंढरपुरात वेश बदलून असताना पकडले गेले, ही नोंद आहे. सरळ चौकट. अंगावर नेमकं काय होतं, वारकऱ्याचा वेश की गोसाव्याचा, यावर घरोघरी वेगळं सांगतात. नागमोडी. पकडण्याआधी त्यांनी विठ्ठलाकडे पाहून मनात काय म्हटलं असेल? ते एका मुलीला काढायचं होतं, फार मनापासून. काढ म्हटलं, पण तुटक रेघेत. तिने काढलं आणि ती चौकट पुस्तकातली सगळ्यांत सुंदर चौकट झाली: नुसते दोन पाय, विटेवरचे, आणि पुढ्यात टेकलेला एक हात. संवाद एकही नाही.

नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा हलकी आहे असं मुलांना वाटू देऊ नका. त्यासाठी आम्ही एक प्रसंग दोनदा काढला. डावीकडे सरकारी कागदात तो कसा लिहिला असेल: 'दरोडेखोरांची टोळी'. उजवीकडे तोच प्रसंग गाव कसा सांगतं: 'आपली माणसं'. चित्र तेच, डोंगर तोच, माणसं तीच, खालची ओळ बदलली. कागदावर लिहिणारा कोण होता आणि त्याला पगार कोण देत होता, हे सातवीच्या मुलांना बरोबर कळतं. नाहीतर सरळ रेघ म्हणजे खरं आणि आजी म्हणजे गप्पा, असा समज व्हायला वेळ लागत नाही.

यातच 'तो' की 'ते' हा प्रश्न आला. निवेदनात "राघोजी गेला" लिहायचं की "राघोजी गेले"? पाठ्यपुस्तकाची सवय असलेल्या मुलांनी 'गेले' म्हटलं. पण आज्या सगळ्या "राघोजी आला, राघोजी बसला" असंच बोलतात, जसं घरच्या मुलाबद्दल बोलावं तसं. शेवटी मुलांनीच ठरवलं: सरळ चौकटीत 'ते', आजीच्या नागमोडी चौकटीत 'तो'. मला हे सुचलं नसतं.

चेहरा, कपडे, घोडा

1848 साली या डोंगरात कॅमेरा नव्हता. राघोजींची जी चित्रं आणि पुतळे आपण पाहतो ते नंतरच्या माणसांनी मनाने घडवलेले. हे मुलांना मोकळेपणाने सांगा, त्यांचा हात सुटतो. बिरसांचं तसं नाही, अटकेत असतानाचा त्यांचा फोटो आहे. तिथे फोटो समोर ठेवूनच काढावं, पण सगळ्या पुस्तकभर त्यांना कैदी म्हणून दाखवू नये.

कपड्यांच्या बाबतीत मला एकदा फार वाईट वाटलं. एका मुलीने राघोजींच्या सोबत्यांना कमरेला पानं आणि डोक्यावर पिसं काढली. ती स्वतः महादेव कोळी. आदिवासी म्हणजे असे दिसतात, हे तिने कुठल्यातरी कार्टूनमधून उचललं होतं आणि स्वतःच्या पणजोबांना नेसवलं होतं. मी तिला रागावले नाही, पण तो कागद बाजूला ठेवून विचारलं, "तुझे पणजोबा पावसात काय पांघरायचे?" ती म्हणाली, "घोंगडी." "आणि शेतात आई काय घेते?" "इरलं." मग तिने पुन्हा काढलं. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, गुडघ्याच्या वर धोतर, हातात कोयता. माणसं एकदम तिच्या गावची दिसायला लागली.

घोड्याचा निकाल एका आजींनी लावला. आम्ही कच्ची पानं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांना वाचता येत नाही, चित्रं मात्र एकेक करून पाहिली. घाटाच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "आरं, ह्या वाटंनं घोडं चढतं का कधी?" घोडा गेला. त्या जागी अनवाणी पाय आले, आणि मला विचाराल तर ते जास्त जोरकस दिसतात.

एक सूचना कळकळीने करते. आदिवासी विषय म्हणजे वारली चित्रं, असं करू नका. त्रिकोणांची माणसं आणि तारप्याचा फेर ही पालघर-डहाणूकडच्या वारल्यांची भाषा आहे, तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लिहिलेली. वारली मुलं वारल्यांची गोष्ट त्या भाषेत सांगत असतील तर त्याहून चांगलं काय. पण अकोल्याच्या कोळ्यांना किंवा गडचिरोलीच्या गोंडांना तो पोशाख चढवणं बरं नाही. गोंडांची स्वतःची चित्रकला आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यावर केलेलं 'भीमायन' मोठ्या मुलांना दाखवा. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडलं नाही, पान विभागायला घराच्या भिंती-अंगणात काढतात ती दिग्ना नावाची नक्षी वापरली. प्रेमाचे शब्द पाखराच्या आकाराच्या फुग्यात आणि विखारी शब्द विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. ते पाहून आमच्या मुलांनी स्वतःचं शोधलं. त्यांच्या पुस्तकात गोड बोलणं हिरड्याच्या पानात लिहिलेलं आहे आणि सरकारी हुकूम बाभळीच्या काट्यात. नक्कल केली असती तर हे मिळालं नसतं.

सावकाराचं पान

हे पान सगळ्यांत अवघड. राघोजींच्या लोकांनी सावकारांवर हल्ले केले, नाकं कापली असं सांगतात. लपवायचं का? मुलांना ते आधीच माहीत होतं, त्यामुळे लपवून उपयोग नव्हता. पण माझ्या वर्गात एका दुकानदाराचा मुलगाही आहे, आणि सावकार म्हणजे अमुक जातीचा, अमुक टोपीचा, पोट सुटलेला माणूस असं चित्र मी काढू देणार नव्हते. आम्ही सावकाराचा चेहराच काढला नाही. वही काढली. लाल कापडात बांधलेली खातेवही, आणि तिच्यावर अंगठ्यांचे ठसे. ठशांसाठी मुलांनी स्वतःचे अंगठे शाईत बुडवले. दोन चौकटींनंतर तीच वही आगीत. ही चौकट तुटक रेघेची आहे. नाकाचा उल्लेख खाली एका ओळीत आहे, चित्रात नाही.

फाशीही तशीच. ठाण्याचा तुरुंग जुन्या किल्ल्यात आहे, म्हणून आम्ही किल्ल्याची भिंत काढली आणि भिंतीवर तारीख. लटकलेलं शरीर काढू नका. पाचवी-सहावीतली मुलं रात्री घाबरतात, शिवाय त्या माणसाची आठवण त्याच रूपात राहते.

बायका कुठे आहेत, हा प्रश्न मुलींनी विचारण्याआधी तुम्ही विचारा. नोंदींत नावं नसतील, पण डोंगरात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवणारं, खबर नेणारं कुणीतरी होतंच. ती पानं तुटक रेघेत होतील, होऊ द्या.

कागद, शाई, दोरा

कामाचं थोडक्यात सांगते. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत धरा. चार कागद, सोळा पानं. आधी कोऱ्या कागदांचं छोटं पुस्तक दुमडून त्यावर फक्त पान क्रमांक आणि प्रत्येक पानावर काय येणार तो एक शब्द लिहा. हे केलं नाही तर उलगडलेल्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं पान येतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमचे दोन कागद असेच वाया गेले.

एका पानावर चारपेक्षा जास्त चौकटी नकोत. जो आधी बोलतो तो डावीकडे.

फुग्याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आधी अक्षरं लिहायची, मग त्यांच्याभोवती फुगा काढायचा. मुलं नेमकं उलट करतात आणि मग शेवटचे शब्द मुंग्यांसारखे बारीक होतात. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत अंतर सोडावं लागतं. 'कुणी', 'पुढे', 'दूर' हे शब्द एकाखाली एक लिहून पाहा, किती जागा लागते ते कळेल. एका फुग्यात दहा-बारा शब्द पुरे. आणि गावकऱ्यांच्या तोंडी गावचीच बोली घाला, तिला शुद्ध करत बसू नका. आमच्या एका मुलाने लिहिलेलं "आमी न्हाई देनार" मी लाल पेनने सुधारायला निघाले होते, वेळेवर हात आवरला.

झेरॉक्स काढणार असाल तर पेन्सिलीवर काळ्या जेल पेनने गिरवून घ्या, पेन्सिलीची छटा झेरॉक्समध्ये मळकट येते. कडेने दीड सेंटिमीटर जागा सोडा. साधा स्टेपलर पानाच्या मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, म्हणून घडीवर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्याने शिवा. मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, पुन्हा मधल्यातून बाहेर, आणि गाठ.

गावात वाचा

छापण्याआधी नाही, शिवण्याआधी गावात वाचा. आम्ही पानं मोठी करून घेतली आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी वाचतात तसं वाचलं. तिथले ठाकर कलाकार पोथीतलं एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगतात, गातात, मग पुढचं चित्र. आमच्या ठाकर मुलांना हे आपल्याच नावाच्या माणसांचं काम आहे हे कळलं तेव्हा त्यांनी ती जबाबदारी मागून घेतली. एक जण चित्र धरणार, एक सांगणार, एक डबा वाजवणार. सरळ चौकट आली की डबा बंद, नागमोडी आली की सुरू.

त्या रात्री तीन दुरुस्त्या मिळाल्या. एक नातं चुकलं होतं, एका डोंगराचं नाव चुकलं होतं, आणि भाकरी नागलीची हवी होती, आम्ही ज्वारीची पांढरी काढली होती. तिन्ही पानं पुन्हा केली.

शेवटची दोन पानं आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत, वर फक्त 'तुमच्या घरी काय सांगतात?' एवढं लिहून. शाळेतली प्रत मुलं पाळीपाळीने घरी नेतात. परवा ती परत आली तेव्हा पहिल्या कोऱ्या पानावर कुणाच्यातरी आजोबांनी सांगितलेली एक गुहा काढलेली होती, नागमोडी चौकटीत, आणि खाली लहान अक्षरांत: 'आज्याने सांगितलं. त्याला त्याच्या आईने.' येत्या शनिवारी ती गुहा पाहायला जायचं ठरलंय.